मध्यंतराचा तालुका

एलन रिप्ली नावाची एक बाई अंतराळात ५७ वर्षं झोपली होती. १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाच्या शेवटी ती आपलं मांजर घेऊन यानातल्या काचेच्या पेटीत आडवी झाली, आणि १९८६ च्या ‘एलियन्स’च्या सुरुवातीला लोकांनी तिला उठवलं. मधे काही घडलं नाही. घडणार काय? बाई झोपली होती. भोरच्या स्टँडवर दुपारच्या एसटीची वाट बघत पेंगणाऱ्या माणसालाही कळेल, की या ५७ वर्षांवर कादंबरी लिहिता येणार नाही.

टिम लेबन यांनी ती २०१४ साली लिहिली. ‘एलियन : आउट ऑफ द शॅडोज’ हे तिचं नाव. रिप्लीचं यान वाटेत एका खाणवाल्या जहाजाला जाऊन लागतं, तिला उठवतात, आणि ज्या जनावराच्या तावडीतून ती सुटून आली होती तेच जनावर तिथंही हजर. मग पुस्तकभर धावाधाव, मारामारी, माणसं पटापट मरतात. वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत राहतो : बाईला पुढच्या चित्रपटात यातलं काहीच कसं आठवत नाही? लेखकाच्याही डोक्यात तोच किडा असणार, कारण शेवटी तिची स्मृती पुसून तिला पुन्हा पेटीत निजवतात. झालं. दुसरा चित्रपट सुरू व्हायला मोकळा.

हसू येतं खरं, पण कालिदासानं दुसरं काय केलं? महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला मनात ओळखतो आणि भर दरबारात नाकारतो. असला राजा नाटकाचा नायक म्हणून उभा राहीना. मग कालिदासानं मधल्या जागेत दुर्वासांचा शाप घातला, अंगठी घातली, मासा घातला आणि राजाची स्मृती साफ करून टाकली. आरंभ तोच, शेवट तोच. राजा मात्र बदनामीतून सुटला. उद्या कुणी लेबन यांना नावं ठेवली तर त्यांनी खुशाल शाकुंतलाची प्रत पुढे करावी.

दोन विज्ञानचित्रपटांच्या मधल्या फटीत नेमकी बसेल अशी कादंबरी लिहिणं हा परदेशात रीतसर धंदा आहे. त्याचा नियम एकच, पण जबर : काहीही करा, फक्त काहीही बदलू नका. नायकाला हात मोडायचा असेल तर शेवटच्या प्रकरणाआधी तो जोडून द्यायचा. त्याला नवी मैत्रीण मिळाली तर ती ग्रहाबरोबर फुटली पाहिजे. तहसील कचेरीतली फाईल जशी सात टेबलांवर फिरून, चौदा सह्या अंगावर घेऊन, महिनाअखेरीला निघाली त्याच टेबलावर येऊन पडते, तसा या कादंबऱ्यांचा नायक सगळी आकाशगंगा हिंडून पुन्हा मूळ खुर्चीत येऊन बसतो. केस विंचरलेले. जणू काही झालंच नाही.

या धंद्याचा श्रीगणेशा ज्यांनी केला त्यांत अ‍ॅलन डीन फॉस्टर यांचं नाव फार वर घ्यावं लागतं. ‘स्टार वॉर्स’ चित्रपट मे १९७७ मध्ये आला. त्याची कादंबरी मात्र आधीच, १९७६ च्या अखेरीस दुकानांत पोचली होती. लिहिली होती फॉस्टर यांनी, वर नाव होतं जॉर्ज ल्यूकस यांचं. आपल्याकडे याच्या बरोबर उलट घडलंय. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये, ही इच्छा. तिकडे एकानं लिहून दुसऱ्याचं नाव लावलं, इकडे एकानं लिहून कुणाचंच नाव लावलं नाही. दोन्हीकडे कथा मात्र गाजल्या.

फॉस्टर यांचं पुढचं पुस्तक, १९७८ चं ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’, हे काटकसरीचं महाकाव्य आहे. पहिला चित्रपट फार चालला नाही तर दुसरा स्वस्तात उरकता यावा, म्हणून ते लिहून घेतलं होतं. त्यामुळे कथा सगळी धुक्याच्या ग्रहावर. धुकं असलं की सेट बांधावा लागत नाही. हे वरंधा घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्या कुणालाही पटेल. पहिल्या चित्रपटातला हान सोलो या कथेत नाहीच, कारण हॅरिसन फोर्डनं पुढच्या चित्रपटाच्या करारावर सही केली नव्हती. उरले ल्यूक आणि लेया. दोन तरुण जीव, धुकं, एकांत. लेखकानं त्यांच्यात थोडी ओढ दाखवली, आणि दाखवणार नाही तर काय करणार? पुढे चित्रपट तुफान चालला, स्वस्तातला चित्रपट काढायची वेळ आली नाही, आणि १९८३ साली तिसऱ्या भागात जाहीर झालं की ही दोघं सख्खी भावंडं, तीही जुळी. फॉस्टर यांना कुणी राखी पाठवल्याचं ऐकिवात नाही.

त्याहून माझं आवडतं पुस्तक म्हणजे स्टीव्ह पेरी यांचं ‘शॅडोज ऑफ द एम्पायर’, १९९६. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी हान सोलोला गोठवून त्याची लादी करतात आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला त्याला सोडवतात. हे पुस्तक नेमकं मधे. म्हणजे सगळे मित्र जिवाच्या आकांतानं त्याला शोधतायत, आणि वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक आहे की या पुस्तकात तो मिळणं शक्य नाही. मिळाला तर तिसऱ्या चित्रपटानं करायचं काय? या पुस्तकाबरोबर खेळणी आली, चित्रकथा आल्या, व्हिडिओ गेम आला, जोएल मॅकनीली यांचं पार्श्वसंगीतसुद्धा आलं. चित्रपट तेवढा आला नाही. वरात, बँड, मांडव सगळं झकास, नवरा मुलगा लादी होऊन पडलेला.

आता कुणी म्हणेल, भोर-वेल्ह्याच्या माणसाला या परग्रहांचं काय पडलंय? पडलंय, कारण आमचे दोन्ही तालुके अशाच फटीत वसलेले आहेत.

दिग्पाल लांजेकर यांच्या शिवचित्रपटांची रांग बघा. २०१८ चा ‘फर्जंद’ पन्हाळ्याचा, म्हणजे १६७३. मग ‘फत्तेशिकस्त’, लाल महाल, १६६३. मग ‘पावनखिंड’, १६६०. मग ‘शेर शिवराज’, अफझलखान, १६५९. मग पुन्हा उडी मारून ‘सुभेदार’, कोंढाणा, १६७०. ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी चौथा-पाचवा-सहावा भाग आधी काढून मग पहिला-दुसरा-तिसरा काढला तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी फार कौतुक केलं होतं. इथं मावळातलं पोर थेटरात बसल्या बसल्या मनातल्या मनात सनावळ्या जुळवतं आणि वर समोसाही खातं.

पण मुद्दा रांगेचा नाही, फटींचा आहे. प्रतापगड, पावनखिंड, लाल महाल, कोंढाणा, पन्हाळा. चित्रपट घडतात ते या जागी. आणि यातले बहुतेक चित्रपट संपल्यावर महाराज जातात कुठं? राजगडावर. सुमारे २५ वर्षं राजधानी तिथं होती. लढाई साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे, पुण्यात, घर आमच्याकडे. म्हणजे पडद्यावर ‘समाप्त’ उमटलं की वेल्हे तालुका सुरू होतो, आणि पुढच्या चित्रपटाची श्रेयनामावली लागली की तो संपतो. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तालुक्याचं नावच राजगड करायला मंजुरी दिली. माझ्या मते हा महाराष्ट्रातला एकमेव तालुका आहे ज्याला मध्यंतराचं नाव मिळालं.

वेल्ह्याच्या एका चहाच्या टपरीवर एक आबा यावर सविस्तर बोलतात. ते चित्रपट बघून आले की त्यांची तक्रार नेहमी एकच असते.

“राजं गडावरनं निघालं, न् पुढच्या शिनला लढाई. मधी जेवली कधी मानसं? तांदूळ कुनी सडला? घोड्याला चंदी कुठनं आली?”

“आबा, पिक्चर अडीच तासांचा असतो.”

“मग आमाला इचारायचं. आमी सांगितलं असतं.”

आणि ते खरंच सांगतात. कोणत्या वाडीतनं धान्य वर गेलं, कुणाच्या पणज्याच्या पणज्यानं मशाल धरली होती, परत येताना कुठल्या ओढ्यावर कोण पाणी प्यायलं. कुठल्याही चित्रपटाला यातल्या एका शब्दानंही धक्का लागत नाही, ही त्यांची खरी कारागिरी. लेबन आणि पेरी यांना पैसे घेऊन जे जमलं ते आबा अर्ध्या कपात करतात.

मधल्या जागेत अशी सामग्री पडून आहे की पडद्यावरचं फिकं वाटावं. पावनखिंडीत पडलेले बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे हिरडस मावळातले, म्हणजे भोरकडचे. चित्रपट त्यांच्या मृत्यूपाशी थांबतो, आणि त्यानं तिथंच थांबावं. पण त्यानंतर एक दरबार झाला. मानाचं पहिलं पान तोवर कारीच्या जेध्यांचं होतं. ते बांदलांना द्यायचं ठरलं, आणि कान्होजी जेध्यांनी ते सोडलं, असं भोरमध्ये आजही सांगतात. पहिला मान आपण होऊन सोडणारा माणूस! आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात पत्रिकेतलं नाव एक ओळ खाली गेलं तर मांडव सोडून जातात. या एका दरबारावर तीनशे पानं सहज होतील.

किंवा तानाजी मालुसऱ्यांचं घ्या. ‘सुभेदार’ही बघा आणि २०२० चा हिंदी ‘तान्हाजी’ही बघा, कथेचा शिखरबिंदू ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावरच. पण सुभेदारांचं गाव कोकणात, उमरठला. त्यांचं शव वेल्ह्यातल्या केळदजवळच्या मढे घाटातनं खाली नेलं, अशी लोकांची सांगी आहे. कोंढाणा ते उमरठ. ही वाट कुठल्या चित्रपटात मावणार? तिथं तलवार नाही, गाणं नाही, फक्त चालणारी माणसं आहेत. हल्ली त्या घाटाच्या तोंडाशी लोक धबधबा बघायला येतात आणि मक्याचं कणीस खातात.

आणि सप्टेंबर १६५९. अफझलखान चालून येत होता, आणि राजगडावर सईबाई गेल्या. संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे. दोन महिन्यांनी प्रतापगडाची भेट. ज्याला ‘शेर शिवराज’च्या आधीची कादंबरी लिहायची आहे त्यानं एवढं एक ध्यानात ठेवावं. इथं विनोद करता येत नाही, मीही करत नाही.

विस्मृतीचा प्रसंगसुद्धा आमच्याकडे तयार आहे. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून सुटले आणि सप्टेंबरात राजगडावर पोचले. या मधल्या दिवसांवर जेवढ्या गोष्टी रचल्या गेल्यात तेवढ्या ‘स्टार वॉर्स’च्या तीन चित्रपटांमधल्या जागेत मिळून नसतील. शेवटी गोसाव्याच्या वेशात गडावर आले, आणि जिजाऊसाहेबांनी आधी ओळखलं नाही, ही परंपरेनं आलेली गोष्ट. रिप्लीला विसरायला यंत्र लागलं; इथं दाढी पुरली.

भोरची गोष्ट थोडी निराळी. आमच्याकडे पंतसचिवांचा राजवाडा आहे, आणि तिथं हिंदी-मराठी चित्रपटांची चित्रीकरणं होतात. त्यामुळे शहरात असा माणूस शोधावा लागेल जो कुठल्या ना कुठल्या गर्दीत उभा राहिलेला नाही. या प्रत्येकाकडे त्या त्या चित्रपटाची स्वतःची एक कादंबरी आहे. आमच्या ओळखीचे एक काका सकाळच्या सत्रात मराठा फौजेत होते, जेवणानंतर माणसं कमी पडली म्हणून पागोटं बदलून मोगलांत गेले, आणि पाचच्या उन्हात दोन्हीकडचे मिळून जे पडले त्यांत पडले. पडद्यावर त्यांचा डावा खांदा दिसतो. पण खांद्याच्या आधी काय झालं, मिशीचा डिंक कसा सुटला, घोडा कुणाला चावला, वडापाव कधी आला, हे सगळं ते इतक्या रंगून सांगतात की ऐकणाऱ्याला मूळ चित्रपट ही काकांच्या खांद्याची जाहिरात वाटायला लागते. आपणच आपल्याला मारलं असावं असा त्यांना दाट संशय आहे. मला वाटतं, यावर शेक्सपिअरसुद्धा थांबला असता.

अशा गोष्टींचं पुढे काय होतं हेही पाहायला हवं. एप्रिल २०१४ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी जाहीर केलं की आजवरच्या, फटीतल्या आणि चित्रपटांनंतरच्या काळातल्या सगळ्या कादंबऱ्या आता खऱ्या धरायच्या नाहीत; त्यांच्यावर ‘लेजेंड्स’ असा शिक्का बसेल. दंतकथा! लोकांनी वीस-पंचवीस वर्षं पैसे देऊन वाचलेलं एका पत्रकात रद्द. १९९९ च्या ‘व्हेक्टर प्राइम’ या कादंबरीत हान सोलोचा साथीदार बिचाऱ्या च्युबाकाच्या अंगावर आख्खा चंद्र कोसळून तो मेला होता. वाचकांनी शोक केला, लेखकाला शिव्या घातल्या. २०१५ च्या चित्रपटात तो ठणठणीत. अंगावर चंद्र पडलेल्या माणसाला असं बरं करणारं खातं पृथ्वीवर दुसरं नसेल.

तिकडच्या वाचकांना हा मोठा धक्का होता. आम्हाला त्याचं काही नाही. रायरेश्वरावरच्या स्वराज्याच्या शपथेला समकालीन कागद दाखवा म्हणणारे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि अभ्यासकांनी कागद मागावाच, ते त्यांचं कामच आहे. पठारावरच्या देवळात जाणारी माणसं मान डोलावतात आणि शपथेची जागा दाखवतात. दोघांचंही बरं चाललंय. शिवाय रद्द झालेलं परत येतही असतं. टिमोथी झान यांच्या १९९१ च्या कादंबरीतला थ्रॉन नावाचा खलनायक त्या शिक्क्याखाली गेला होता. २०१६ साली मालिकेत घेऊन त्याला पुन्हा खरा केला. आपल्याकडे हेच काम एखादा नवा सापडलेला मोडी कागद करतो.

फटी भरायची ही हौस मुळात पांडवांपासूनची. द्यूत आणि युद्ध या दोन मोठ्या खेळांच्या मधे व्यासांनी तेरा वर्षांची मोकळी जागा सोडली, आणि भारतातल्या झाडून सगळ्या तालुक्यांनी ती भरून काढली. भाटघरच्या धरणात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. तेही पांडवांनीच बांधलेलं म्हणतात. पांडवांनी एवढी बांधकामं केली की त्यांना वनवासात रडायला वेळ कधी मिळाला, हा मला पडलेला प्रश्न आहे. पण नियम इथंही पाळलाय : कितीही देवळं बांधा, तेरा वर्षं पुरी होताच गुमान कुरुक्षेत्रावर हजर.

मग मराठीत अशा कादंबऱ्या छापून का येत नाहीत? एक कारण असं की आपल्याकडे गाडी उलटी चालते. तिकडे चित्रपट आधी, कादंबरी नंतर. इकडे हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ आधी, आणि तिच्यावरून बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ साली. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आधी, ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ ला. शिवाजी सावंतांचा ‘छावा’ १९७९ चा, चित्रपट २०२५ चा. कादंबरीच इतकी जाडजूड, की चित्रपटाला जी फट पडते तिच्यात मूळ पुस्तकच उशीसारखं बसतं. नाथमाधवांनी तर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून एकामागून एक कादंबऱ्यांची अशी माळ लावली, की हॉलिवूडवाल्यांनी येऊन शिकवणी लावावी. आणि मराठी विज्ञानचित्रपटांची मालिका? पहिला भाग असेल तर दुसरा येईल, दुसरा येईल तर मधे फट पडेल. आमचं पहिल्यापाशीच अडलंय.

म्हणून एक विषय इथं उघडपणे ठेवतो. कुणीही उचलावा, मानधन नको. १६७० नंतर राजधानी राजगडाहून रायगडाला हलली. १६७४ चा राज्याभिषेक सगळ्यांनी दाखवला, त्याआधीच्या लढाया दाखवल्या. पण पंचवीस वर्षांचा संसार आवरून सह्याद्रीची धार ओलांडून पलीकडे नेला, तो कुणी दाखवला? दफ्तरं होती, खजिना होता, मुदपाकखाना होता, म्हातारी माणसं होती, ‘मी नाही येत, माझं काय ते इथंच’ म्हणणारं कुणीतरी नक्की होतं. पुण्यात एका पेठेतनं दुसऱ्या पेठेत बिऱ्हाड हलवताना माणसं वर्षभर बोलत नाहीत एकमेकांशी. इथं आख्खं राज्य हलत होतं. यात लढाई नाही, त्यामुळे चित्रपटवाले फिरकणार नाहीत. पुढचं-मागचं काही बदलायचं नाही, त्यामुळे इतिहासकारही रागावणार नाहीत. आणि कुणाचीही स्मृती पुसायची गरज नाही.

लिहिणाऱ्यानं आधी राजगडावर एक मुक्काम करावा. हवा स्वच्छ असली तर रायगड तिथून दिसतो, म्हणजे बिऱ्हाड किती लांब न्यायचं होतं ते कळेल. पावसाळा सोडून या, आणि पहिल्यांदाच येत असाल तर गुंजवण्याच्या चोरदिंडीनं चढू नका. पालीची वाट रुंद आहे, पायऱ्याही बऱ्या आहेत.